गोल्डन अवर सोलापुरात अर्ध्या तासाचाच

फोटोग्राफी शिकवताना बहुतेक ठिकाणी सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा एक तास सोनेरी म्हणून सांगितला जातो. सोलापूरला तो हिशोब लागू पडत नाही. आपण १७.७ उत्तर अक्षांशावर आहोत. इथे सूर्य क्षितिजाला घासत तिरका सरकत नाही, जवळपास सरळ वर चढतो. खरा सोनेरी प्रकाश सूर्य क्षितिजापासून साधारण ६ अंशांवर येईपर्यंतच टिकतो, आणि तेवढी उंची तो इथे २८ ते ३१ मिनिटांत गाठतो. लंडनला जूनमध्ये याच टप्प्याला जवळजवळ तास लागतो.

म्हणून हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या रानात फोटो काढायचा असेल, तर झुंजूमुंजू असतानाच ट्रायपॉड लावून फ्रेम ठरवून ठेवा. जानेवारीच्या मध्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पावणेआठला पोचलात तर कणसांच्या कडेची झळाळी गेलेली असते. सोनेरी उजेडात व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग सांभाळणारी कॅमेऱ्याची सेटिंग, ‘ऑटो’वर ठेवू नका. प्रकाश पिवळा आहे असं समजून कॅमेरा तो पांढरा करायला जातो आणि ज्यासाठी पहाटे उठलात तेच पुसून टाकतो. ‘डेलाइट’ किंवा ५५०० केल्विन ठेवा, रंग जसा आहे तसा येईल.

घड्याळाचीही एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची आणि सोलापूर ७५.९ वर, अंशाला ४ मिनिटं धरली तर आपला सूर्य सरासरी २६ मिनिटं मागे चालतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२.१० च्या आसपास माथ्यावर येतो, तर फेब्रुवारीच्या मध्यात १२.४० ला. त्यामुळे घड्याळाऐवजी आपली सावली बघावी. ती उंचीच्या दुप्पट असेल तर सूर्य २७ अंशांवर आहे, चेहऱ्यांसाठी छान. उंचीएवढी असेल तर ४५ अंश, अजून निभतं. निम्म्याहून कमी झाली की उघड्यावर चेहरे काढणं थांबवा. भुवयांची सावली डोळ्यांत पडते आणि डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात.

हाच नियम लावला की ऋतूंमधला फरकही कळतो. मकर संक्रांतीला भर दुपारीसुद्धा सूर्य ५१ अंशांच्या वर जात नाही. मे महिन्याच्या १२ तारखेला तो तेवढा उंच सकाळी ९.४० लाच आलेला असतो आणि पुढे थेट डोक्यावर जातो. त्यामुळे संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत दुपारी काम करता येतं, मे महिन्यातल्या लग्नात ते फार अवघड.

यात्रेत अडचण वेगळीच असते, पांढऱ्या बाराबंदीची, म्हणजे बंदांनी बांधायच्या अंगरख्याची. फ्रेम पांढऱ्या कपड्यांनी भरली की कॅमेरा एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) कमी करतो आणि बाराबंदी मळकी करड्या रंगाची दिसते. मागे झाडांची गर्द सावली आली की उलट कपडे जळून शुभ्र डाग होतात, शिवणसुद्धा दिसत नाही. ऊन स्वच्छ असेल तर मॅन्युअलवर जा: आयएसओ (संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सचं छिद्र) ८, शटर १/४०० सेकंद. एकदा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघा, उजव्या भिंतीला टेकला असेल तर १/५०० करा. मग ऊन बदलेपर्यंत हात लावू नका. मिरवणुकीतला उंच नंदीध्वज पुढे सरकत राहतो, मागची पार्श्वभूमी बदलत राहते, एक्स्पोजर मात्र तेच बरोबर राहतं.

मे महिन्यातल्या दुपारी माणसाला ओसरीत घ्या. उन्हाच्या रेषेपासून साधारण १ मीटर आत, तोंड बाहेरच्या बाजूला. समोरच्या अंगणात पांढरी चादर अंथरली की हनुवटीखालची सावली उजळते. लाल किंवा हिरवी अंथरलीत तर तोच रंग गळ्यावर चढेल. सावलीतला प्रकाश निळसर असतो, म्हणून इथे व्हाइट बॅलन्स ‘शेड’वर.

सोलापुरी चादरीचा फोटो विक्रीसाठी हवा असेल तर समोरून फ्लॅश मारू नका, जॅकार्डची (मागावरच विणलेल्या नक्षीची) वीण सपाट होऊन जाते. चादर खिडकीजवळ अशी धरा की उजेड कापडाला १५-२० अंशांनी घासत जाईल. प्रत्येक धाग्याची बारीक सावली पडून नक्षी उठून येते. संध्याकाळच्या उन्हात लाल चादर फसवते. एकूण हिस्टोग्राम ठीक दिसतो, पण लाल रंगाचा स्वतंत्र आलेख उजवीकडे आदळलेला असतो आणि लाल भाग नुसता एकसारखा थर होतो. एक्स्पोजर ०.७ स्टॉपने कमी करा (कॅमेऱ्याच्या एक्स्पोजर पट्टीवर -०.७).

सिद्धेश्वर मंदिराचं तळ्यातलं प्रतिबिंब मात्र सूर्यास्तानंतर. ब्लू अवर, म्हणजे आकाश गडद निळं असण्याचा वेळ, आपल्याकडे जेमतेम ९ मिनिटांचा, सूर्य बुडाल्यानंतर अंदाजे १४ ते २३ मिनिटांच्या दरम्यान. आयएसओ १००, एफ ८, ४ सेकंदांपासून सुरुवात करा आणि दर दोन मिनिटांनी वेळ वाढवत जा, कारण आकाश भराभर काळवंडतं. वाऱ्याने पाणी हललं तर प्रतिबिंबाच्या जागी नुसत्या उजेडाच्या उभ्या रेघा येतील. तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटे या, पाणी बहुधा तेव्हा सर्वांत शांत असतं.

आणि सूर्याकडे तोंड करून काढणार असाल तर आधी लेन्स पुसा. उन्हाळ्यातली इथली धूळ एरवी दिसत नाही, समोरून ऊन आलं की तिचा प्रत्येक कण फोटोवर पांढरट पडदा ओढतो. आधी ब्लोअर (हवा मारून धूळ उडवणारा फुगा), मगच कापड. उलट केलंत तर काचेवर ओरखडे पडतील.