भिंत मालकाची, खाट आपली

भाड्याच्या घरात मुलांची खोली सजवायची म्हटली की पहिला प्रश्न रंगाचा नसतो, खिळ्याचा असतो. आमचा करार ११ महिन्यांचा. घरमालक काका माणूस चांगला, पण चावी हातात देताना एकच वाक्य दोनदा म्हणाले होते, "भिंतींना भोकं पाडू नका बरं का." त्यामुळे मोबाईलवर ज्या सुंदर सुंदर खोल्या दिसतात, भिंतीत ठोकलेली पुस्तकांची फळी, घरासारखा दिसणारा पलंग, छतापर्यंत फर्निचर, त्या सगळ्या पहिल्याच दिवशी बाद.

खोली १० बाय ९. सिंहगड रोडवरच्या जुन्या सोसायटीत, दुसरा मजला. थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाच. आजवर दोघं एका डबल बेडवर झोपायची आणि मधे उशीची सीमारेषा असायची, जी रात्री बारापर्यंत पुसली जायची. नवऱ्याच्या बोनसमधून हप्ते जाऊन जे उरलं त्यातले १०,००० मी बाजूला काढले आणि ठरवलं की यातून जे काही होईल ते उद्या टेम्पोत घालून पुढच्या घरी नेता आलं पाहिजे. रंग, हौस, पैसा सगळं हलत्या वस्तूंवर. भिंतीवर केलेला खर्च म्हणजे घरमालकांना भेट, आणि काका आपल्याला दिवाळीला फक्त सोनपापडी देतात.

जो तो पहिला सल्ला देत होता तो बंक बेडचा, म्हणजे एकावर एक दोन पलंगांचा. जागा वाचते, मुलांना मजा वाटते, सगळं मान्य. मी टेप घेऊन पलंगावर उभी राहिले. छत साडेनऊ फुटांवर, पंख्याची पाती साडेआठ फुटांवर. बंकची वरची गादी जमिनीपासून पाच फूट धरली आणि त्यावर सव्वाचार फुटांची थोरली उभी राहिली, तर डोकं सव्वानऊ फुटांवर. म्हणजे पंख्याच्या वर! बरं, पंखा कुठे लांब आहे? ४८ इंची पंखा खोलीच्या मधोमध, खोलीची रुंदी नऊ फूट, म्हणजे पात्याचं टोक भिंतीपासून अडीच फुटांवर येतं आणि बेड तीन फूट रुंद. दुसऱ्या भिंतीला लावला तरी पातं आणि बेडची कड एका रेषेत. पुण्याच्या एप्रिलमध्ये पंखा बंद ठेवून कोण झोपणार? शिवाय अमेरिकेतला ग्राहक-सुरक्षा आयोगसुद्धा सांगतो की सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या बंकवर झोपवू नका. आमच्याकडे वर कोण झोपणार यावर जी लढाई झाली असती ती धाकट्यानेच जिंकली असती, रडून. बंक बेड विकणारे लोक फोटोत पंखा कधीच दाखवत नाहीत, हे तेव्हा लक्षात आलं.

मग दोन सुट्या खाटा. लोखंडी, ६ बाय ३, वसतिगृहात किंवा जुन्या दवाखान्यात असायच्या तशा. नवीन घ्यायला गेलं की एकीलाच चार-पाच हजार सांगतात. मी नवऱ्याला घेऊन मंगळवार पेठेतला जुना बाजार गाठला. तो बुधवारी आणि रविवारी भरतो आणि तिथे स्क्रूपासून शिलाई मशीनपर्यंत काहीही मिळतं. खाट बघताना तीन गोष्टी बघितल्या. चारही पाय जमिनीला टेकतात का, आडव्या पट्ट्या जिथे वेल्ड केल्यात तिथे चीर आहे का, आणि डोक्याकडच्या नळ्यांमध्ये किती फट आहे. फट एवढी नको की धाकट्याचं डोकं आत जाईल, कारण जाणारच. विक्रेत्याने अडीच हजार एकीचे सांगितले. नवऱ्याला घासाघीस करायची लाज वाटते म्हणून तो शेजारचे पितळी दिवे बघत उभा राहिला, आणि सौदा १,८००ला मी केला. दोन्हीचे ३,६००, वर टेम्पोचे ५००.

आता रंगाचं. थोरलीला खोली जांभळी हवी होती. धाकट्याला जेसीबीच्या रंगाची. दोघांनी माझ्याकडे, मग बाबाकडे, मग आजीकडे अपील केलं. खोली एकच असली की रंगही एकच होतो आणि मग कोणीतरी एकजण हरतो, तोही रोज, डोळे उघडले की. खाटा मात्र दोन होत्या. मी जाहीर केलं की भिंतींना दोघांपैकी कोणाचाच रंग लागणार नाही, ज्याने त्याने आपापली खाट हवी तशी रंगवायची.

रविवार पेठेत बोहरी आळीत रंग आणायला गेलो. जेसीबीचा पिवळा लगेच मिळाला. जांभळा छोट्या डब्यात तयार नव्हता आणि दुकानदार मशीनवर लिटरच्या खाली बनवून द्यायला राजी नव्हता. थोरलीने शेडकार्डवर बराच वेळ बोट फिरवलं आणि मोरपंखी निवडला. जांभळ्याचं पुन्हा नाव काढलं नाही. स्वतः निवडलं की असं होतं.

जुन्या लोखंडी सामानाबद्दल मात्र एक गोष्ट नीट सांगते, कारण ती मला आमच्या ऑफिसमधल्या एका केमिस्ट मैत्रिणीने बजावून सांगितली होती. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दर दहा लाख भागांत ९०च्या आत ठेवण्याचा नियम २०१६ साली निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या खाटेवर काय आहे हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही, त्याची भुकटी उडते आणि तीच धोक्याची. आम्ही गच्चीवर जुनी प्लास्टिकची ताडपत्री अंथरली, मुलांना आजीकडे खाली ठेवलं, तोंडाला मास्क लावले आणि वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओलंच घासलं. निघालेला चिखल कागदात गुंडाळून वेगळा टाकला, अंगावरचे कपडे वेगळे धुतले. मग रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात, आणि वाळल्यावर ऑइलपेंटचे दोन. नवे डबे शिसं न घातलेले, तसं डब्यावर लिहिलेलं असतं, वाचून घ्यायचं.

शेवटचा हात मुलांनी मारला. म्हणजे पायांकडच्या दोन नळ्या, बाकी मीच. धाकट्याने काळ्या रंगाने आपल्या खाटेला नंबरप्लेट काढली, एमएच १२ आणि पुढे त्याला लिहिता येणारे आकडे. खाटा वास पूर्ण जाईपर्यंत गच्चीवरच ठेवल्या. वॉचमनला वाटलं आम्ही पेइंग गेस्ट ठेवतोय.

खाटा कशा लावायच्या यावर घरात खरं राजकारण झालं. समोरासमोर लावल्या तर मधे तीन फुटांचा बोळ उरतो आणि खेळायला जागाच नाही. म्हणून एल आकारात, एक पश्चिमेच्या भिंतीला आणि दुसरी उत्तरेच्या. तशा लावल्यावर मधे सात बाय सहाची सलग जमीन मोकळी राहिली. या वयाची मुलं खोलीत राहतात म्हणजे जमिनीवरच राहतात. ब्लॉक, पत्ते, गाड्या, चित्रं, भांडणं, सगळं खालीच. खोलीतली सगळ्यात महाग वस्तू ती मोकळी जमीन, तिच्यावर काही ठेवायचं नाही हा नियम मी स्वतःलाही लावलाय.

डोकी कुठल्या बाजूला? दोन्ही डोकी कोपऱ्यात आली तर रात्रभर कुजबुज. सासूबाई म्हणाल्या, "अगं, काहीही कर, पण उत्तरेला डोकं करून झोपवू नकोस पोरांना." माझा त्यावर विश्वास नाही, पण कागदावर काढून बघितलं तर त्यांच्या नियमात मांडणी आपोआप सुटत होती. पश्चिमेच्या खाटेवर धाकट्याचं डोकं दक्षिणेला, उत्तरेच्या खाटेवर थोरलीचं पूर्वेला, खिडकीकडे. डोकी लांब, पाय कोपऱ्यात जवळ. रात्री लाथा चालतात, पण लाथा मारून दमतात आणि झोपतात. थोरलीला खिडकीशी दिवा लावून वाचता येतं, तो उजेड धाकट्याच्या तोंडावर येत नाही. दिवे दोघांनाही वेगवेगळे दिलेत, खाटेच्या नळीला चिमट्याने लावायचे, पिवळसर उजेडाचे, दोन्हीचे ७००. एका दिव्यात भागलं असतं असं नवरा अजून म्हणतो. ज्याला दोन मुलं एका खोलीत झोपवायची आहेत त्याने बाकी सगळीकडे काटकसर करावी, दिव्यात करू नये.

गाद्या नव्या घेतल्या नाहीत. माळ्यावर माहेरच्या कापसाच्या दोन गाद्या पडून होत्या, दगड झालेल्या. पूर्वी दुपारी पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज गल्लीतून यायचा, आता मशीनवर पिंजतात. कापूस पिंजून, थोडा नवा घालून, नव्या खोळीसकट दोन्ही गाद्यांचे २,४०० झाले. फोमच्या एका बऱ्या गादीला त्याहून जास्त लागले असते. कापसाची गादी महिन्यातून एकदा उन्हात टाकावी लागते, तेवढं करायचं. पांघरायला सासूबाईंनी शिवलेल्या गोधड्या आहेतच, त्यांच्याच नऊवारींच्या. धाकट्याच्या गोधडीत एक हिरवा तुकडा आहे तो कुठल्या लग्नातला, ही गोष्ट त्याला रोज ऐकायची असते.

नऊ वर्षांच्या मुलीला आता आडोसा लागतो. हे तिने सांगितलं नाही. कपडे बदलायला ती बाथरूममध्ये जायला लागली, त्यावरून कळलं. माझी एक जुनी सुती साडी होती, साडेपाच मीटरची, काठ अजून चांगला. तिचे तीन पडदे निघाले, शिलाई २००. दोन खिडकीला, आणि तिसरा कपाटाशेजारच्या कोपऱ्यात, पडद्याच्या स्प्रिंगवर. स्प्रिंगचं एक टोक कपाटाच्या मागे अडकवलंय, दुसरं दाराच्या वरच्या बिजागरीला बांधलंय, भिंतीला भोक नाही. ओढला की तिची छोटी खोली तयार. धाकटा त्यात दुकान लावतो, मग ती त्याला हाकलते, पण तो तिचा पडदा आहे हे त्याला मान्य आहे.

कपाट पत्र्याचं, जुनं, साडेसहा फूट. दारं धरून लोंबकळणारं मूल घरात असताना असं कपाट नुसतं उभं ठेवायचं नसतं. इथे मात्र मी घरमालकांना फोन केला आणि दोन भोकांची परवानगी मागितली, कपाटामागे, ते भिंतीला धरून ठेवणारे एल अँगल लावायला. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्यासाठी पाडा. माझ्या नातवावरही पडलं होतं एकदा." त्याच फोनवर मी खालचे चार फूट फिकट क्रीम रंगवू का हेही विचारून घेतलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत खाली ऑइलपेंटचा पट्टा असतो तसं. पांढऱ्या डिस्टेंपरवर तेलकट हात आणि स्केचपेन पुसता येत नाहीत. धुता येणारा इमल्शन एक लिटर आणला, रोलरसकट ६३०. दोन हात पुरला, कारण कपाटामागे आम्ही रंगवलंच नाही. तिथे कोण बघतंय!

सामान ठेवायला आंब्याच्या लाकडी पेट्या. हंगाम संपत आला की मार्केट यार्डात रिकाम्या पेट्या स्वस्तात मिळतात. मी सहा आणल्या, ४०ला एक. आतले खिळे ठोकून वाकवले, कडा घासल्या, खाली चाकं वगैरे काही लावली नाहीत, त्या खाटेखाली सरकतात तशाच. प्रत्येकाच्या खाटेखाली तीन. दुसऱ्याच्या खाटेखाली हात घालायचा नाही. अजूनही कधीकधी हापूसचा वास येतो, जून महिन्यात तर फारच.

बाकी किरकोळ. चटई तुळशीबागेतून, ६५०. चित्रं लावायला दोन खाटांच्या मधे सुतळी आणि कपड्यांचे चिमटे. अंधारात चमकणाऱ्या चांदण्या आणल्या नाहीत, त्या काढताना रंगाचे पोपडे घेऊन निघतात आणि मग काकांशी बोलणं आलं. कार्टूनच्या चादरींचे सेटही नाहीत. थोरलीचं आवडतं कार्टून वर्षात दोनदा बदलतं, चादर पाच वर्षं टिकते.

खाटांच्या रंगाचे, प्रायमरचे, ब्रशचे मिळून १,०५०, पडद्याची स्प्रिंग आणि एल अँगल १८०. एकूण १०,१५० झाले. वरचे दीडशे मी भाजीच्या पैशातून घातले आणि जुना डबल बेड खालच्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याला ३,०००ला दिला. ते पैसे अभ्यासाच्या टेबलासाठी ठेवलेत. भिंतीला लावायचं घडीचं टेबल छान दिसतं, पण त्याला चार भोकं लागतात आणि काकांना इतक्यात पुन्हा फोन करायचा नाही. सध्या थोरली देवघरातल्या जुन्या चौरंगावर वही ठेवून मांडी घालून लिहिते. धाकट्याला लिहायचं नसतंच, त्यामुळे दुसऱ्या टेबलाची घाई नाही.