चार घरांची एक भज्जी

यंदा येळवशीला आमच्या चारही घरांनी मिळून एकच चूल मांडायची असं ठरलं. वाटण्या झाल्यापासून प्रत्येकाची कोप, म्हणजे शेतातली कडब्याची खोप, वेगळी; भज्जीचं, म्हणजे दाणे-पालेभाज्यांच्या बेसन लावलेल्या भाजीचं, पातेलं वेगळं. शेतं मात्र बांधाला बांध लागून आणि पाहुणे तेच. बिचारे चार ठिकाणी जेवून शेवटी तुरीच्या ओळीत आडवे व्हायचे.

आमच्या भागाबाहेरच्यांसाठी सांगते, येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि पलीकडे बिदर-कलबुर्गीकडे हा सण. त्या दिवशी लातुरात चहाची टपरीसुद्धा उघडी सापडत नाही. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात आणि अख्खं शहर रानात जातं.

सगळ्यात आधी आंबील. ज्वारीचं पीठ शिजवून, गार करून, ताकात कालवून मडक्यात ठेवलं. लसूण, आलं, जिरं वाटून घातलं. दोन दिवसांत ती चांगली आंबली. थंडी जास्त असली की चुलीजवळ सरकवावी लागते.

खरी कसोटी आदल्या रात्रीची. ओसरीवर तूर, वाल, वाटाण्याच्या शेंगांचे ढीग आणि भोवती आम्ही जावा. बोटं काळी पडेपर्यंत सोलणं चाललं. मेथी, पालक, चुका, कांद्याची पात निवडून चिरली. हरभऱ्याचा कोवळा पाला आत्यांनी स्वतः खुडून आणला. तो दुसऱ्या कुणी खुडलेला त्यांना चालत नाही. पुरुष मंडळी गप्पा मारायला हजर होती. "शेंगा सोलायला हात लागतात, तोंड नाही," असं धाकट्या जावेनं सुनावल्यावर दोघं-तिघं खाली बसले.

पहाटे चूल पेटली. दाणे आणि शेंगदाणे आधी शिजवले, मग भाज्या, गाजर, मूठभर बोरं, चिंचेचा कोळ. शेवटी ताकात कालवलेलं बेसन. इथून पुढे ढवळणारा हात थांबला की भज्जी बुडाला लागते. एवढ्या मोठ्या पातेल्यात उलथनं फिरवणं एकटीचं काम नाही, आळीपाळीनं उभ्या राहिलो. तोवर दुसरीकडे बाजरीच्या पिठाचे गोळे, म्हणजे उंडे, वाफवायला ठेवले होते. मिरचीवरून वाद झालाच. थोरल्या घरात झणझणीत, आमच्याकडे बेताचं. आत्या म्हणाल्या, "पातेल्यात बेतानं घाला गं, ज्याला तिखट पायजे त्यानं ठेचा घ्यावा." वाद मिटला.

उन्हाळ्यात हीच भज्जी करून पाहिली आहे, फ्रीजमधले वाटाणे घालून. नुसतं पिठलं झालं. तूर, हरभरा, वाल सगळे एकाच वेळी हिरवे असतात ते याच पंधरवड्यात. म्हणून या जेवणाची यादी आम्ही करतच नाही, रानात जे भरलंय ते पातेल्यात.

कोपीत चुन्यानं रंगवलेल्या पाच दगडांची, म्हणजे पांडवांची, पूजा झाली, "ओलगे ओलगे, सालम पलगे" म्हणत पिकावर आंबील शिंपडली आणि पंगती बसल्या. वाटेनं जाणाऱ्या दुचाकीवाल्यांनाही थांबवून बसवलं. तसं न करणं आमच्याकडे वाईट दिसतं.

पुढच्या वर्षीही एकच चूल, हे पंगतीतच ठरलं. शिळी भज्जी दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागते, त्यामुळे उरलेली कोणाच्या घरी जाणार यावरून मात्र संध्याकाळी चारही घरांत चांगलीच जुंपली.