तांब्याचं अंगण

कोरं कॉपर क्लॅड, म्हणजे सर्किट बनवायची तांब्याचा पत्रा चढवलेली पाटी, स्वच्छ घासलं की त्यावर काही करूच नये असं वाटतं, इतकं ते देखणं दिसतं. आणि खरं तर त्यावरचं तांबं काढायची गरजही नसते. तांबं विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडचा ट्रे नको, ड्रिल नको. सगळं तांबं जागच्या जागी ठेवून वरच सर्किट उभं करता येतं. अख्खी पाटी म्हणजे ग्राउंड, सर्किटची शून्य व्होल्टची सामाईक बाजू. पार्टच्या ज्या पायाला ग्राउंड हवं तो सरळ खाली वाकवून तांब्याला सोल्डर करायचा. बाकीच्या जोडांसाठी त्याच कॉपर क्लॅडचे लहान तुकडे, म्हणजे पॅड, कापून सुपरग्लूने वर चिकटवायचे आणि त्यांवर सोल्डर करायचं. सारवलेल्या अंगणात आधी ठिपके टाकावेत आणि मग रेघा जोडाव्यात, तसं हे काम चालतं.

नीटनेटकेपणाबद्दल मात्र इथे एक गैरसमज हमखास असतो. रेझिस्टर एका ओळीत, वायरी काटकोनात वळवलेल्या, सगळे कपॅसिटर एका उंचीचे. फोटोला छान. पण वायरचा प्रत्येक मिलिमीटर साधारण एक नॅनोहेन्री इंडक्टन्स घेऊन येतो, आणि काटकोनाच्या हौसेपायी तीन सेंटिमीटर वायर वाढली की सर्किट कुरकुरायला लागतं. सांगलीत माइकच्या प्रीअ‍ॅम्पला लांब, लोंबती वायर लावली आणि त्यातून आकाशवाणीचा कार्यक्रम ऐकू आला, तर दोष सांगली केंद्राच्या १२५१ किलोहर्ट्झचा नाही. त्या वायरीचा आहे. तेव्हा नीट म्हणजे आखूड. तिरकं दिसलं तरी चालेल.

लिनिअर टेक्नॉलॉजी या अमेरिकन चिप कंपनीतले इंजिनिअर जिम विल्यम्स यांनी १९९१ च्या एका अ‍ॅप्लिकेशन नोटमध्ये अशाच तांब्यावरच्या जोडण्यांचे फोटो छापले होते. त्यांतल्या कित्येक सुंदर वगैरे अजिबात नाहीत, पण चालतात झकास. त्यांचं पसाऱ्याने ओसंडणारं टेबल २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहास संग्रहालयात मांडलं गेलं. टेबल आवरण्यावरून घरात होणाऱ्या वादात हा दाखला उपयोगी पडतो.

पाटी घ्यायची ती ग्लास इपॉक्सीची, १.६ मिमी जाडीची. तपकिरी फिनॉलिक पाटी स्वस्त पडते, पण ती दमट हवेत पाणी शोषते, आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात तिच्यावरच्या ऑसिलेटरची, म्हणजे ठरावीक फ्रीक्वेन्सी तयार करणाऱ्या सर्किटची, फ्रीक्वेन्सी जागेवर राहत नाही. घासायला भांड्यांचा हिरवा स्क्रबर घ्यावा. लोखंडी काथ्याचे बारीक तंतू पाटीवर राहून शॉर्ट करतात. तांब्याचा तांब्या चिंच-मिठाने उजळतो म्हणून इथे तो प्रयोग नको. मिठाचा अंश मागे राहिला तर काही दिवसांत हिरवा कळंक चढतो. घासून झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं, आणि नंतर तांब्याला बोट लावू नये. बोटांचे ठसे पुढे काळे पडतात.

पॅडसाठी आधी ५ मिमी रुंदीची पट्टी कापावी, तिच्यावर सोल्डरचा पातळ थर द्यावा आणि मग तुकडे करावेत. कापताना तोंडाला मास्क हवाच, कारण काचेच्या तंतूंची धूळ उडते. कडांवर उचललेलं तांबं कानशीने घासून टाकावं, नाहीतर तेच खाली टेकतं. सुपरग्लू थेंबभर नाही, टाचणीच्या टोकाएवढाच. तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. त्यामुळे पावसाळी साताऱ्यात पॅड पटकन धरतं, आणि सांगलीच्या एप्रिलमधल्या कोरड्या दुपारी जरा जास्त वेळ दाबून धरावं लागतं.

पॅड लहान ठेवण्यामागे कंजुषी नसते. ५ मिमी चौरस पॅड आणि खालचं तांबं मिळून पाऊण-एक पिकोफॅरडचा कपॅसिटर होतो. १० मिमीचं केलं तर तीनच्या आसपास. ऑडिओला याने काही फरक पडत नाही. पण ७ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरमध्ये एकूण १०० पिकोफॅरड असतील, तर जास्तीच्या दोन पिकोफॅरडनी फ्रीक्वेन्सी सुमारे ७० किलोहर्ट्झने खाली येते, आणि हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, तो पट्टा आपल्याकडे सगळा मिळून २०० किलोहर्ट्झचा. जिथे एवढंही नको तिथे १० मेगोहमचा रेझिस्टर ग्राउंडवर उभा करून त्याच्या वरच्या टोकाला जोड द्यावा. त्याचा उपयोग फक्त खांबासारखा.

आयसी पाय वर करून उताणी ठेवली की काम सोपं होतं आणि चुका वाढतात. पायांचे आकडे आरशातल्यासारखे उलटतात. एक नंबरचा पाय उजवीकडे जातो. मार्करने पोटावर टिंब करावं. एलएम३५८ ही अ‍ॅम्प्लिफायरची आयसी असेल तर चार नंबरचा ग्राउंडचा पाय वाकवून थेट तांब्याला, आणि आठ नंबरच्या सप्लायच्या पायापासून तांब्यापर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, पाय शक्य तितके छाटून. ट्रान्झिस्टरचीही अशीच गंमत. सपाट बाजू समोर आणि पाय खाली धरले तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ चे नेमके उलटे. एकाच्या जागी दुसरा लावताना हे विसरलं की संध्याकाळ जाते.

सोल्डरिंगसाठी २५ वॅटची इस्त्री पॅडला पुरते, ग्राउंडला नाही. तांब्याची पाटी उष्णता ओढून घेते, आणि वर राखाडी, दाणेदार ड्राय सोल्डर बसतं. वरून जोडल्यासारखं दिसतं, आतून सुटं असतं. ग्राउंडला ६० वॅटची इस्त्री घ्यावी. पॅडवर मात्र दोन-तीन सेकंदांत आटोपावं, कारण सुपरग्लू उष्णतेने मऊ होतो आणि पॅड सरकतं. उभ्या रेझिस्टरचा उघडा लांब पाय ग्राउंडच्या किंवा सप्लायच्या बाजूला ठेवावा आणि अंग सिग्नलच्या बाजूला. उलट केलं तर तो पाय अँटेना होतो.

जोडणीचा क्रम शेवटाकडून सुरुवातीकडे: आधी सप्लाय, मग स्पीकरची स्टेज, मग तिच्या मागची. स्पीकरच्या स्टेजच्या इनपुटला बोट लावल्यावर गुरगुर आली की पुढे जायला हरकत नाही. पार्ट बदलायचा असेल तर नुसता बदलावा. पॅडच चुकीच्या जागी असेल तर त्यावर इस्त्री जरा जास्त वेळ टेकवून चिमट्याने पिळावं, निघून येतं. तेव्हा निघणारा धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून पंखा चालू असावा. मागे राहिलेला गोंदाचा डाग अ‍ॅसिटोनने जातो. नाही काढला तरी सर्किटचं काही बिघडत नाही.