वेचणीचा हिशोब, नोंद चौथी: वजन सारखं निघालं तर?

कापूस वेचणाऱ्या बायांचा हिशोब मी पायथन या संगणकाच्या भाषेत लिहितोय. मागच्या वेळी लिस्टच्या (यादीच्या) आत लिस्ट इथवर आलो होतो: बाईचं नाव, तिची रोजची वजनं किलोत, शेवटच्या वेचणीची तारीख. बाजाराच्या आदल्या रात्री माय चुकारा करते. तिचा नियम ठरलेला: जिचा कापूस जास्त ती वर, वजन सारखं निघालं तर जी अलीकडे आली ती आधी.

धुऱ्यावर बसून फोनवरच आधी नुसतं सॉर्ट (क्रम लावायची आज्ञा) मारलं. यादी नावावर लागली, ते ठीकच; पायथन पहिला घटक बघतो, तिथे बरोबरी झाली तरच पुढे सरकतो. मग नुसत्या वजनांच्या लिस्ट एकमेकींना भिडवल्या, तर [४२] ही [४१, ६०] पेक्षा मोठी! १०१ किलोवाली खाली, ४२ वाली वर. बेरीज कर म्हणून मी सांगितलंच कुठे होतं?

मग की दिली, म्हणजे कशावर क्रम लावायचा ते सांगितलं: लॅम्बडा र: (-सम(र[१]), र[०]). र म्हणजे एका बाईची नोंद, मोजणी शून्यापासून: र[०] नाव, र[१] वजनं; सम म्हणजे बेरीज. टपल, म्हणजे कंसातली ही जोडी, तीही डावीकडूनच तपासली जाते. उणे लावल्यामुळे वजन उतरत्या क्रमाने, नाव चढत्या. झकास. पण मायच्या नियमाला नावाऐवजी तारीख हवी, आणि ती पडली मजकूर, '२०२५-११-१४' अशी. वर्ष आधी असल्याने ती क्रमाने लागते खरी, पण तिला उणे लावलं की टाइपएरर, म्हणजे मजकुराला हे चालत नाही अशी तक्रार.

उपाय दोन फेऱ्यांचा: आधी तारखेवर रिव्हर्स=ट्रू (म्हणजे उतरता क्रम), मग बेरजेवर रिव्हर्स=ट्रू. कमी महत्त्वाचा निकष आधी, हे पचायला दोन दिवस गेले. टिम पीटर्सने २००२ साली पायथनसाठी लिहिलेला टिमसॉर्ट, म्हणजे सॉर्टमागची क्रम लावायची रीत, स्टेबल आहे. बरोबरीत असलेल्यांचा आधीचा क्रम तो मोडत नाही, रिव्हर्स असलं तरी. मी फेऱ्या उलट मारल्या तेव्हा सगळ्यात कमी कापूस वेचलेली बाई यादीत पहिली. कालच आली होती बिचारी.

भाचीने भरलेली वजनंही मजकूरच निघाली, म्हणून '९.५' हे '१२' पेक्षा मोठं. फ्लोटमधून, म्हणजे मजकुराचा दशांश आकडा करणाऱ्या आज्ञेतून, काढली. देवनागरी अंक तो निमूट घेतो, हे बघून मीच चाट पडलो.

नावांचं दुखणं मात्र बाकी आहे. संगणकाला ज्ञ म्हणजे ज् अधिक ञ, त्यामुळे ते नाव झ च्या आधी येतं, आपल्या वर्णमालेसारखं शेवटी नाही. मायला त्याचं काही नाही, ती आकडाच बघते. मला मात्र खटकतं. दुसरा वेचा लागायच्या आत बघतो.