की बरोबर होती, टर्मिनल जुनीच वाचत होतं

एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेचं) कमांड लाइन लॉगिन तसं दहा मिनिटांचं काम. कन्सोलमध्ये, म्हणजे त्यांच्या वेबसाइटवर, आयएएम यूजरची (अकाउंटमध्ये मर्यादित परवानग्या देऊन बनवलेल्या यूजरची) ॲक्सेस की काढायची, टर्मिनलमध्ये ‘एडब्ल्यूएस कॉन्फिगर’ चालवायचं. ते चारच गोष्टी विचारतं: की आयडी, सीक्रेट (त्या कीचा पासवर्डसारखा गुप्त भाग), रीजन (मुंबईसाठी ‘एपी-साउथ-१’) आणि आउटपुटचा फॉरमॅट.

माझी दुपार गेली ती यानंतर. कमांड दिली की एकच उत्तर: ‘इनव्हॅलिड क्लायंट टोकन आयडी’. पेस्ट करताना अक्षर गळलं असेल म्हणून मोजलं. आयडी २० अक्षरांचा, सीक्रेट ४० अक्षरांचं, दोन्ही ठीक. सीक्रेट एकदाच, नवी की काढताना दिसतं, नंतर नाही, म्हणून ते पडताळायला नवी की काढली. पुन्हा तेच. तिसरी मिळेना, कारण एका यूजरला दोनच कीज मिळतात.

खरं तर एरर नीट वाचली असती तर एवढं झालं नसतं. सीक्रेट चुकलं तर ‘सिग्नेचर डझ नॉट मॅच’ येतं. ‘इनव्हॅलिड क्लायंट टोकन’ म्हणजे तो आयडीच समोरच्याला ओळखीचा नाही. मग पाठवला कुठला जातोय? ‘एडब्ल्यूएस कॉन्फिगर लिस्ट’ने ते सांगितलं: प्रत्येक मूल्यासमोर ते कुठून आलं हे दिसतं, आणि माझ्याकडे तिथे फाइलऐवजी ‘एन्व्ह’, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (टर्मिनलने लक्षात ठेवलेलं मूल्य) होतं. झेडएसएचआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना दरवेळी वाचल्या जाणाऱ्या सेटिंग फाइलमध्ये) जुन्या प्रोजेक्टची, केव्हाच डिलीट झालेली की एक्सपोर्ट केलेली! असे व्हेरिएबल क्रेडेन्शियल्स फाइलच्या (जिथे ‘कॉन्फिगर’ कीज ठेवतं) आधी वाचले जातात. ‘कॉन्फिगर’ फक्त फाइलमध्ये लिहितं, त्यामुळे ते शंभर वेळा चालवलं तरी फरक शून्य.

उपाय म्हणजे हे व्हेरिएबल ‘अनसेट’ कमांडने पुसणं. तसं करताना तिन्ही काढा: की आयडी, सीक्रेट आणि सेशन टोकन. नुसतं अनसेट त्याच टर्मिनलपुरतं असतं. झेडएसएचआरसीमधल्या ओळी राहिल्या तर नव्या खिडकीत जुन्या कीचं भूत परत. तात्पुरत्या कीचा आयडी ‘एएसआयए’ने सुरू होतो, तिला टोकन लागतंच, ‘एकेआयए’वाली कायमची, तिच्याबरोबर जुनं टोकन राहिलं तर तीही नाकारली जाते.

आता कोण म्हणून लॉगिन आहे हे तपासायला ‘एडब्ल्यूएस एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी’ ही कमांड. त्याला कुठलीच परवानगी लागत नाही. हे चाललं आणि एसथ्री (फाइल साठवायची सेवा) ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणालं, तर लॉगिन ठीक आहे, यूजरच्या परवानग्या ठरवणारी पॉलिसी बघा.

एकापेक्षा जास्त अकाउंट असतील तर प्रोफाइल करा, म्हणजे प्रत्येकाच्या कीज वेगळ्या नावाने ठेवा. कॉन्फिग फाइलमध्ये चौकटी कंसात ‘प्रोफाइल’ हा शब्द आणि मग नाव, क्रेडेन्शियल्समध्ये नुसतं नाव. इथे हमखास घोळ होतो. कमांडला ‘--प्रोफाइल’ दिलं तर एन्व्हायर्नमेंटमधल्या कीज बाजूला पडतात, पण एडब्ल्यूएस_प्रोफाइल व्हेरिएबलने पडत नाहीत.

हे आधीच सांगायला हवं होतं: रूट यूजरची (अकाउंटच्या सर्वाधिकारी मालकाची) की काढूच नका. आणि आयडेंटिटी सेंटर (एडब्ल्यूएसची एकत्रित लॉगिनची सोय) असेल तर ‘एडब्ल्यूएस एसएसओ लॉगिन’ वापरा. कायमची की ठेवावीच लागत नाही.

पडताळायला काढल्यामुळे जास्तीची झालेली की आधी इनॲक्टिव्ह केली. चुकीची की इनॲक्टिव्ह झाली तर परत चालू करता येते, डिलीट केलेली येत नाही. मात्र इनॲक्टिव्ह कीही दोनमध्येच मोजतात, म्हणून ‘लास्ट यूज्ड’ (शेवटचा वापर कधी) पाहून शेवटी डिलीट केली.