बर्चची ॲलर्जी आणि बडोद्यातला मे महिना

इथे जर्मनीत काही वर्षं काढलेला मुलगा मे महिन्यात दांडिया बाजारातल्या घरी येतो आणि पुढ्यातले फणसाचे गरे बाजूला सारतो. ‘लहानपणी तर ताटभर संपवायचास!’ असं म्हणून आग्रह करू नका. तेव्हा त्याला बर्चची ॲलर्जी नव्हती.

बर्च म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्या झाडाचा युरोपातला भाऊबंद. एप्रिलमध्ये त्याचे पराग इथे हवेत भरून असतात आणि काही हंगामांनंतर बाहेरून आलेल्यांनाही बाधू लागतात. या परागांतल्या एका प्रथिनाशी मिळतीजुळती प्रथिनं सफरचंद, नाशपाती, पीच, गाजर, सोया आणि पिकलेल्या फणसातही असतात. शरीर फसतं. खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटांत ओठ, टाळू, घसा, कधी कानाच्या आतही खाज सुटते. बहुतेकदा तासाभरात ती आपोआप ओसरते.

हे प्रथिन उष्णतेने मोडतं. म्हणून गरा बाधणाऱ्याला फणसाची शिजवलेली भाजी सहसा चालते. मात्र सोया दुधाचा भरलेला पेला बर्चवाल्यांना जोरात बाधू शकतो. तो टाळाच.

आंब्याचं गणित निराळं. त्याचा संबंध जास्त करून दवण्याच्या जातीतल्या एका युरोपीय रानगवताच्या परागांशी लागतो. शिवाय त्यातले काही घटक उष्णतेला दाद देत नाहीत, त्यामुळे ‘मोरंबा शिजवलेलाच आहे की’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. दुसरी भानगड चिकाची. आंबा बिब्ब्याच्या कुळातला. सालीचा चीक लागून एक-दोन दिवसांनी ओठांभोवती पुरळ उठतं. ते परागांमुळे नव्हे. देठाकडून चीक काढून फळ धुवा, साल दुसऱ्या कुणाला तरी काढू द्या, चोखून खाऊ नका. पुरळ टळलं तर दोष सालीचा होता.

अमेरिकेतून येणाऱ्यांना रॅगवीड या तिथल्या रानगवताच्या परागांमुळे टेटी (खरबूज), कलिंगड, केळं, काकडी यांनी खाज सुटते. आपलं गाजर गवत त्याच कुळातलं. रबरी फुग्यांनी किंवा हातमोज्यांनी खाज येणाऱ्यांनी केळं, पपई, किवी, ॲव्होकाडो जपून खावीत. अननसाने मात्र कुणाचीही जीभ चरचरते. तेवढ्यावरून ॲलर्जी ठरवू नका.

नवं फळ चाखायचं तर दिवसा, एका वेळी एकच, नखाएवढी फोड, मग पंधरा मिनिटं थांबायचं. उपाशीपोटी, दारूबरोबर, वेदनाशामक गोळीनंतर किंवा व्यायामाच्या आगेमागे नको. आधी ॲलर्जीची गोळी घेऊन चाखणं तर वेडेपणाच, इशाराच दबतो. पूर्वी मोठी रिॲक्शन आली असेल तर घरी प्रयोगच नको. रसवाल्याकडे सगळ्या फळांना एकच मिक्सर, फ्रूट सॅलडमध्ये काय काय पडलंय ते कळत नाही. खंडेराव मार्केटमधून अख्खं फळ आणून घरी चिरलेलं बरं.

आवाज बसला, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या, उलट्या किंवा चक्कर आली, तर तोंडापुरती बाब उरली नाही. ॲड्रेनलिनचं पेन (तीव्र ॲलर्जीवरचं, स्वतःच टोचता येणारं तयार इंजेक्शन) मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचा, माणसाला आडवं करा (धाप लागत असेल तर टेकून बसवा), १०८ला फोन लावा. पेन येतानाच सोबत आणायला सांगा. बडोद्याच्या चाळीस अंशांत ते गाडीत विसरू नका, फ्रीजमध्येही ठेवू नका. उष्णतारोधक पिशवीत, सावलीत आणि हाताशी हवं.