तुवालूची निवडणूक, बोट आणि माझी उधारी

कामासाठी सुवात (फिजी) राहत होतो तेव्हाची गोष्ट. ऑफिसातला एक जण म्हणाला पॅसिफिकमधल्या तुवालू देशात शुक्रवारी इलेक्शन आहे, विमानात सीट आहे, जाऊन ये. मी मॅपवर झूम करत गेलो करत गेलो तरी सगळं निळंच, शेवटी एक बारीक रेघ दिसली, ती म्हणजे फुनाफुटी, राजधानी! देशाची लोकसंख्या ११ हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्या डोंबिवलीत दोन-तीन मोठी कॉम्प्लेक्स एकत्र केली की झाला देश.

२५ जानेवारी २०२४ ला पंखेवाल्या छोट्या विमानातून उतरलो. हा रनवे अमेरिकन लोकांनी दुसऱ्या महायुद्धात बांधला, आणि बेटावरची सगळ्यात मोठी मोकळी जागा तीच, त्यामुळे विमान यायच्या आधी सायरन वाजतो, लोक बाजूला होतात, विमान गेलं की पोरं परत व्हॉलीबॉलला हजर. संध्याकाळी मी पण तिथेच जाऊन बसलो, गार वारा, एका बाजूला लगून (बेटांनी वेढलेलं शांत पाणी) आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये जमीन ती एवढीशीच.

एक घोळ मात्र घातला. तिथे ऑस्ट्रेलियन डॉलर चालतात आणि तेव्हा अख्ख्या देशात एकही एटीएम नव्हतं, कार्डही कोणी घेईना. मी आपला खिशात थोडीशी कॅश आणि बाकी भरवसा कार्डावर. गेस्ट हाऊसच्या आजी हसल्या, म्हणाल्या राहू दे, नंतर पाठव.

दुसऱ्या दिवशी मतदान. २६ जानेवारी! आपल्याकडे झेंडावंदन चालू असेल आणि मी इकडे रस्त्याच्या कडेला उभा राहून दुसऱ्याच देशाची लोकशाही बघतोय. सून स्कूटर चालवतेय, मागे आजी, डोक्यावर ताज्या फुलांचा मुकुट, हातात छत्री, अशा थाटात मतदानाला. कर्कश भोंगे नाहीत, चिन्हं नाहीत, कारण इथे पक्षच नाहीत. संसदेत १६ जागा, आठ मतदारसंघ, प्रत्येकातून दोन खासदार. मतदार सहा हजारांच्या आसपास, म्हणजे उमेदवार हा कुणाचा तरी मामा नाहीतर चर्चमधल्या शेजारच्या बाकावरचा. अशा माणसाला 'पाच वर्षं तोंड दाखवलं नाही' असं कसं म्हणणार, तोंड तर रोजच दिसतं.

मुद्दे मात्र छोटे नव्हते. दीड आठवड्यापूर्वीच शेजारच्या नाउरू देशाने तैवानला सोडून चीनचा हात धरला होता, तुवालूही तैवानच्याच बाजूचा, आता तो काय करणार याकडे बाहेरच्यांचं लक्ष. आजींना त्यात फार इंटरेस्ट दिसला नाही, त्या बोलत होत्या फालेपिली कराराबद्दल. फालेपिली म्हणजे आपण शेजारधर्म म्हणतो ना, साधारण तेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी सही झालेली, वर्षाला २८० जणांना तिकडे जाऊन राहता येणार, पण बदल्यात तुवालूने दुसऱ्या कुठल्या देशाशी सुरक्षेचा करार करायचा तर आधी ऑस्ट्रेलियाला विचारायचं. आजींचं म्हणणं, नातवंडं जातील ते बरंच आहे, पण मग घराच्या मागे पुरलेल्या माझ्या नवऱ्याजवळ कोण थांबणार. मी गप्प बसलो, काय बोलणार.

निकालात पंतप्रधान कौसेआ नातानो यांची स्वतःचीच जागा गेली, तीही फुनाफुटीतून. गुडघाभर पाण्यात उभं राहून हवामान परिषदेसाठी भाषण रेकॉर्ड केलेले सायमन कोफे मात्र निवडून आले.

आता मला वाटलं दोन दिवसांत नवा पंतप्रधान. पक्ष नाहीत म्हटल्यावर निवडून आलेल्यांनीच आपसात ठरवायचं, आपल्याकडचा माणूस लगेच रिसॉर्ट, बसेस, काय झाडी काय डोंगार वगैरे विचार करतो. इथे डोंगार नाहीच, सगळ्यात उंच जागा चार-पाच मीटर! आणि पळवणार कशातून? लांबच्या बेटांवर विमान उतरत नाही, खासदार यायचे ते बोटीने, आणि समुद्र खवळलेला. सगळा देश थांबला बोटीसाठी. आजी रोज सकाळी बाहेर येऊन वाऱ्याचा अंदाज घ्यायच्या आणि मान हलवून आत जायच्या. मंगळवारी मी निघालो तरी चित्र तेच.

शेवटी २६ फेब्रुवारीला, मतदानानंतर बरोब्बर एक महिन्याने, फेलेती तेओ बिनविरोध पंतप्रधान झाले. मला ते आजींच्या मेसेजमधून कळलं. बोट आली, तेओ झाले, आणि खाली पुढची ओळ, तुझे ४० डॉलर अजून आलेले नाहीत.